भांगेचे झाड: औषध, धागा, बी आणि कायदा. गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न विचारण्याआधी झाडाचा कुठला भाग मनात आहे ते ठरवून घ्या. बी, पान, शेंडा, राळ, साल की दांड्यातली काडी? भाग बदलला की कायदा, औषध आणि बाजार हे सगळेच बदलते. गोव्यात या झाडाबद्दल जेवढा गोंधळ आहे, त्यातला बहुतेक भागांची सरमिसळ केल्यामुळे झालेला आहे. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात भागाचे नाव आधी घेतले आहे.

भांग, गांजा, चरस आणि हेम्प ही वेगवेगळी झाडे आहेत का?

नाही, झाड एकच: कॅनाबिस सटायव्हा. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्या शेंड्यांवरची चिकट राळ वेगळी काढली की चरस. नुसती पाने म्हणजे भांग. धाग्यासाठी किंवा बियांसाठी मुद्दाम निवडलेल्या, नशेचे द्रव्य (टीएचसी) अगदी कमी असलेल्या वाणांना हेम्प म्हणतात. उत्तराखंडाने लागवडीला परवानगी देताना टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली आहे.

या झाडातल्या दोन मुख्य द्रव्यांपैकी टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. दोन्ही तयार होतात त्या राळेच्या बारीक ग्रंथी साध्या भिंगातूनही दिसतात, दव साचल्यासारख्या. मादी फुलोऱ्यावर त्या सर्वांत दाट असतात, पानांवर विरळ. बियांच्या आत त्या नसतातच. बियांत टीएचसीचा अंश सापडतो तो मळणीच्या वेळी टरफलाला चिकटलेल्या राळेमुळे.

ताग, अंबाडी म्हणजे हेम्पच ना?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारू शकतो, आणि तो महत्त्वाचा आहे. इंग्रजी पुस्तकांत तागाला ‘सन हेम्प’ आणि अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हटले आहे. पण ताग हे द्विदल पीक आहे, पिवळ्या फुलांचे. अंबाडी भेंडीच्या कुळातली. कॅनाबिसशी दोघांचेही नाते नाही, दोघांतही टीएचसी नाही आणि दोन्ही लावायला परवाना लागत नाही. अंबाडीच्या एका जातीची पाने कॅनाबिससारखी पंजाच्या आकाराची असतात. त्यामुळे लांबून पाहणारा फसतो. फुलोरा आला की शंका उरत नाही, कारण अंबाडीचे फूल मोठे, फिकट पिवळे आणि मध्यभागी गडद लाल असते. कॅनाबिसच्या फुलाला पाकळ्याच नसतात.

कुळागर किंवा माडाची बाग असेल त्याने हेम्पच्या मागे लागण्याआधी तागाचा विचार करावा. पहिल्या पावसावर माडाच्या आळ्यात साधारण १०० ग्रॅम बी फेकायचे, ४५ ते ५० दिवसांनी फुले दिसू लागली की कापून तिथेच गाडायचे. उशीर केला तर दांडा लाकडासारखा कडक होतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुजत नाही. बी मात्र गुरांच्या तोंडी लागू देऊ नका, ते विषारी असते.

परसात शोभेसाठी एक झाड लावले तर चालेल का?

नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ८ कॅनाबिसच्या झाडाची लागवडच मनाई करते. तिथे शेंडा, पान असा भेद नाही. कॅनाबिस प्रजातीचे कुठलेही झाड त्यात येते, हेम्पचे वाणही. शिक्षा कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. कुंडी गच्चीवर होती की भाड्याच्या खोलीत, यावरून सूट मिळत नाही. घर भाड्याने देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे: किनारपट्टीवर भाडेकरूने आतल्या खोलीत दिव्यांखाली झाडे वाढवल्याची प्रकरणे निघतात, आणि मग चौकशी घरमालकाच्याही दारात येते. करारात तसे कलम घाला. विजेचे बिल अचानक दुप्पट-तिप्पट झाले, तर विचारा.

पान कायद्यात नाही असे ऐकले. मग भांग मोकळी आहे का?

अर्धे खरे. कायद्याच्या व्याख्येत चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे येतात. शेंड्यांपासून वेगळे असलेले पान आणि बी गांजाच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात राज्याच्या अबकारी नियमांखाली भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. गोव्यात तशी दुकाने नाहीत. शिवाय पान ज्या झाडाचे, ते झाड लावणे गुन्हाच आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. किनाऱ्यावर ‘भांग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत किंवा लस्सीत शेंड्याचा चुरा नाही, हे चवीवरून किंवा रंगावरून सांगता येत नाही. शेंडे मिसळले की ते कायद्याच्या दृष्टीने मिश्रण होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अमली पदार्थ इतर पदार्थांत मिसळला असेल, तर प्रमाण ठरवताना फक्त शुद्ध अंश न मोजता मिश्रणाचे पूर्ण वजन धरायचे. अल्प आणि व्यापारी प्रमाणाच्या सीमा अशा: गांजा १ किलो आणि २० किलो, चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे. त्यालाही १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

गोव्यात लागवडीचा परवाना मिळतो का?

मिळत नाही. कायद्यात वाट आहे: औषधी व वैज्ञानिक कामासाठी कलम ८ मध्ये अपवाद आहे, कलम १० राज्यांना नियमनाचा अधिकार देते आणि कलम १४ खाली धागा, बी किंवा बागायतीसाठी लागवडीची मुभा देता येते. उत्तराखंडाने २०१८ पासून ही वाट धरली. गोव्यात डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावावर मोठी चर्चा झाली. कायदा खात्याने फाईल पाहिल्याचे बाहेर आले, विरोध झाला आणि मंजुरी मिळाली नाही.

‘आमच्याकडे परवाना आहे, तुमची मरड (उंचवट्यावरची) जमीन द्या, बियाणे आमचे, माल परत घेऊ’ असे सांगत कोणी दारात आले तर आधी परवान्याची मूळ प्रत मागा. त्यावर राज्य, सर्वे नंबर, क्षेत्र आणि मुदत हवी. उत्तराखंडाचा परवाना पेडण्यात चालत नाही. मग विभागीय कृषी कार्यालयात तो कागद दाखवून विचारा. बियाण्याचे आगाऊ पैसे कोणालाही देऊ नका.

उद्या परवानगी मिळाली, तर हे पीक गोव्यात येईल का?

येईल, पण जाहिरातीत दाखवतात तसे नाही. हेम्प हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारे झाड आहे. त्याची धाग्याची नावाजलेली वाणे युरोपातली, ४५ ते ५५ अक्षांशांवर घडलेली. तिथे जूनमध्ये दिवस १६ तासांचा असतो, म्हणून झाड दोन-अडीच महिने नुसते उंच वाढते. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे आणि इथला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा. तेच बी इथे पेरले तर झाड गुडघा-मांडीएवढे असतानाच फुलावर येते आणि धागा आखूड राहतो. म्हणजे विषुववृत्ताजवळची वाणे लागतील. त्यांत टीएचसी मर्यादेखाली ठेवणे अवघड. नमुन्यात ०.३ च्या वर आले की उभे पीक नष्ट करावे लागते. शेतकऱ्याची खरी जोखीम ही आहे, भाव नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हेम्पचे रोप साचलेल्या पाण्यात दोन-तीन दिवसांत पिवळे पडते. सरद (पावसाळी) हंगामात खाजनात, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या सखल शेतात, ते येणार नाही. मरड जमिनीवर निचरा आहे, पण जांभ्याची माती आम्लधर्मी. पिकाला सामू ६ ते ७.५ लागतो, म्हणजे आधी चुना घालावा लागेल. धाग्यासाठी पेरणी दाट, हेक्टरी ५० किलोच्या वर, म्हणजे झाडे फांद्या न फोडता सरळ वाढतात. बियांसाठी विरळ, २० ते ३० किलो. दोन्ही एकाच शेतात घ्यायला गेले तर दोन्ही मध्यम निघतात. आमचे मत विचाराल तर गोव्याने आधी चाचणी-वाफे लावावेत आणि लगेच कारखान्याची स्वप्ने पाहू नयेत.

खाणींच्या डंपांवर हेम्प लावून जमीन शुद्ध करता येईल, असे म्हणतात. खरे का?

हेम्प मातीतले कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू शोषून घेते, एवढे खरे. पण डिचोली-सांग्याच्या डंपांची पहिली अडचण धातूची नाही, मातीच नसण्याची आहे. तो खणून काढलेला निकस थर आहे. त्यात सेंद्रिय अंश नाही, पावसात तो वाहून जातो. हेम्प खादाड पीक आहे, हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र मागते. ते डंपावर रुजणार नाही. तिथे ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या गेल्या त्या उगाच नाही. आणि समजा खाणपट्ट्यातल्या शेतात हेम्प उगवले, तरी ते खायला किंवा औषधाला वापरता कामा नये, कारण जो गुण जमिनीसाठी चांगला तोच बाटलीत विष आणतो. असा माल फक्त बांधकामाला.

सालीपासून धागा कसा काढतात?

ही पद्धत ताग-अंबाडीलाही लागू पडते, म्हणून गोव्यातही करून पाहता येईल. दांड्याचे दोन भाग: बाहेरची साल, साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वजनाची, आणि आतली काडी. तागाच्या काडीला सणकाडी म्हणतात, हेम्पची काडीही तशीच हलकी आणि शुष्क. साल काडीला पेक्टिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने चिकटलेली असते. दांडे पाण्यात कुजवायचे ते हा डिंक जिवाणूंकडून खाऊन घेण्यासाठी.

नर फुले पराग सोडू लागली की कापणी. पाने झडली की मनगटाएवढ्या जाडीच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवा आणि वर दगड ठेवा. चिखल किंवा केळीचे गाभे ठेवू नका, धागा काळपट होतो. गोव्याच्या उष्णतेत ७ ते १० दिवस लागतात, ताग लवकर होतो. पाचव्या दिवसापासून रोज मधल्या पेंढीतला एक दांडा काढून मधोमध मोडा. काडी खट्कन तुटून सालीतून घसरत बाहेर आली आणि साल बुडापासून शेंड्यापर्यंत सलग निघाली, कुठे हिरवा डाग चिकटून राहिला नाही, की झाले. त्याच दिवशी काढा. इथे एका दिवसाची चूक महाग पडते: जिवाणू डिंक संपवून धाग्यावरच येतात आणि वाळल्यावर तो हाताने ओढला तरी कापसासारखा तुटतो. लवकर काढला तर उलट, धागा पट्टीसारखा कडक राहतो आणि विंचरताना निम्मा वाया जातो.

कुजवणीचे पाणी नदी-ओहोळात सोडू नका, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाजनात तर मुळीच नाही. त्यातला प्राणवायू संपलेला असतो, मासे मरतात. टाकीत करा आणि ते पाणी माडांना घाला. सुंभासाठी नारळाचे सोडण कुजवायचा गोव्याचा जुना अनुभव आहे. फरक एवढाच की सोडणाला महिने लागतात, इथे दिवस मोजावे लागतात.

हेम्पच्या भिंती पावसाळ्यात टिकतात का? मिश्रणाचे प्रमाण काय?

हेम्पक्रीट म्हणजे काडीचे तुकडे, चुना आणि पाणी. हे काँक्रीट नव्हे. भार ते पेलत नाही, सांगाडा लाकडाचा किंवा लोखंडाचा वेगळा लागतो. काम उष्णता अडवण्याचे आणि भिंतीला श्वास घेऊ देण्याचे. उत्तराखंडात यमकेश्वरला अशी इमारत उभी आहे. माती-गिलाव्यात हे झाड वापरण्याची रीत आपल्याकडे नवी नाही: वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात कॅनाबिसचे अंश सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

भिंतीसाठी १ घनमीटरला अंदाजे १०० किलो काडी, २०० किलो चुन्याचे मिश्रण आणि ३०० लिटर पाणी धरा. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच, ३० सेंटिमीटर जाड भिंत म्हणजे २.७ घनमीटर, तर २७० किलो काडी, ५४० किलो चुना आणि ८०० लिटरच्या जवळपास पाणी. चुना पाण्याने आटणारा, म्हणजे हायड्रॉलिक हवा, किंवा साध्या चुन्यात पोझोलाना (चुन्याला पाण्याने आटवणारी बारीक पूड) घालावा. गोव्यातला जुना शिंपल्यांचा चुना गिलाव्याला उत्तम, पण तो हवेतूनच आटतो, ३० सेंटिमीटर जाडीच्या पोटात महिनोन्‌महिने ओलाच राहील. नुसते सिमेंट वापरणारे वेगळ्या कारणाने फसतात: काडी पाणी ओढून घेते, सिमेंटला आटायला पाणी उरत नाही आणि साचा काढल्यावर आतून राखाडी भुकटी गळते.

मिश्रण तपासायची रीत सोपी. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टिचकी दिल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. बोटांच्या फटीतून पाणी आले तर जास्त झाले. मूठ उघडताच सांडले तर कमी. साच्यात १५ सेंटिमीटरचा थर टाकून कडा तेवढ्या हलक्या चेपा. मधला भाग ठोकून घट्ट केला की हवा जाते आणि ऊब-गारव्याचा सगळा फायदाही जातो. साचा दुसऱ्या दिवशी काढा, सुकायला हवा लागते.

गोव्यात सगळे गणित महिन्यांचे आहे. ओतकाम नोव्हेंबर ते जानेवारीत उरकले तर मेपर्यंत १२ ते १६ आठवडे मिळतात. मार्चनंतर ओतलेली भिंत पावसाळ्यात ओली शिरते आणि ऑगस्टपर्यंत गिलाव्यावर काळी बुरशी फुटते. पाया आणि जोते चिऱ्याचे, जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर, वर ओलरोधक थर. पागोळी ७५ सेंटिमीटर ते १ मीटर बाहेर. गिलावा आतून-बाहेरून चुन्याचाच. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग लावलात तर भिंत कोंडते आणि आतली काडी कुजते. सांगाड्याच्या लाकडाला वाळवीचा उपचार आधी करा, चुन्यावर विसंबू नका. आज ही काडी बाहेरच्या राज्यातून मागवावी लागते, आणि वजनाला हलका पण आकाराने मोठा माल असल्याने वाहतूकच भाव ठरवते. खर्च काढताना आधी गाडीभाडे विचारा.

बी खाल्ले तर नशा येते का? रोज किती खावे?

नशा येत नाही. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले. त्यात टीएचसीची मर्यादा बियांना किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलाला १० मिलिग्रॅम. सोललेल्या बियांत सुमारे ३० टक्के प्रथिने असतात. मोठा चमचा साधारण १० ग्रॅमचा, दिवसाला दोन-तीन चमचे पुरे. पहिल्या आठवड्यात एकच घ्या, स्निग्धांश जास्त असल्याने पोट सैल होते.

कुमाऊंमध्ये बी भाजून चटणी करतात. आपल्याकडे ओले खोबरे, हिरवी मिरची आणि दोन आमसुले घालून वाटली की पेजेबरोबर छान लागते. न सोललेले बी असेल तर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि वाटून गाळा, नाहीतर टरफल दातात येते. तेल तळणीला वापरू नका. ते लवकर धुरावते आणि कडू होते. भातावर, कोशिंबिरीवर कच्चे घ्या. गोव्याच्या दमटपणात सोललेले बी बाहेर ठेवले की खवट होते, म्हणून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. वासाला जुन्या रंगासारखे वाटले तर फेकून द्या.

हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी ऑइल एकच का?

नाही, आणि या घोटाळ्यावर बाजारात सर्वांत जास्त पैसे कमावले जातात. पहिले बियांचे, खाण्याचे तेल. त्यात सीबीडी जवळपास नसते. दुसरे पानांच्या अर्काचे औषध. बाटलीवर फक्त ‘हेम्प’ लिहून सांधेदुखीचा, झोपेचा, कर्करोगाचा दावा केला असेल आणि सीबीडी किती मिलिग्रॅम ते लिहिलेले नसेल, तर ते बियांचे तेल महाग दराने विकले जात आहे असेच समजा.

आयुर्वेदातली विजया म्हणजे हीच का? डॉक्टर लिहून देतात का?

होय. विजया हे भांगेचेच नाव. जातिफलादि चूर्ण, मदनानंद मोदक यांसारख्या जुन्या कल्पांत ती येते, ग्रहणी-अतिसारात, झोपेसाठी. औषध नियमांच्या ई (१) या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, बी वगळून. त्यामुळे असे औषध परवानाधारक कारखान्यातच बनते आणि लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना सक्तीची असते. ती नसेल तर बाटली परत करा.

शोधन केल्याशिवाय पान वापरत नाहीत. पाने फडक्यात बांधून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, वाळवायची आणि गाईच्या तुपात मंद परतायची. धुण्याने पाण्यात विरघळणारे, पोट बिघडवणारे अंश जातात. टीएचसी मात्र पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते. उलट उष्णतेने ती जास्त प्रभावी होते. म्हणून ‘शुद्ध केले म्हणजे नशा गेली’ हा समज चुकीचा आहे. घरी करून पाहण्याचे हे काम नाही.

गोव्याचा या झाडाच्या अभ्यासाशी संबंधही जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. पणजीची नगरपालिका बाग त्यांच्याच नावाची.

कोणत्या आजारांत पुरावा खरोखर आहे?

मोजक्या. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहानपणीच्या दुर्धर अपस्मारांत शुद्ध सीबीडीला अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे सुरुवातीचा डोस वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि एका आठवड्यानंतर ५ मिलिग्रॅम दोनदा. म्हणजे २० किलोच्या मुलाला सुरुवातीलाच दिवसाला १०० मिलिग्रॅम. बाजारातल्या थेंबांनी हा डोस गाठला जात नाही, हे पालकांनी समजून घ्यावे. फिट्‌सची चालू औषधे बंद करून तेल सुरू करणे फार धोक्याचे आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणात टीएचसी-सीबीडीचा फवारा, आणि केमोथेरपीच्या उलट्यांत टीएचसीची कृत्रिम रूपे परदेशात वापरली जातात. जुन्या मज्जातंतूच्या वेदनेत काहींना थोडा आराम मिळतो. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, हे दावे खोटे आहेत.

बाटलीवर ‘१५०० मिलिग्रॅम’ लिहिले आहे. थेंबात किती?

आधी विचारा, १५०० कशाचे? अर्काचे की सीबीडीचे? अर्काचे वजन आणि त्यातल्या सीबीडी-टीएचसीचे वजन वेगळे. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० म्हणजे १ मिलिलिटरला ५०. तेलाचे साधारण २० थेंब १ मिलिलिटर धरले तर थेंबाला २.५ मिलिग्रॅम. पण थेंब ड्रॉपरप्रमाणे लहान-मोठा होतो, म्हणून खुणा असलेली सिरिंज वापरा. बॅचचा चाचणी अहवाल मागा. अहवालावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच हवा. त्यात टीएचसी आणि सीबीडी वेगवेगळे, जड धातू, कीटकनाशके, द्रावकाचे अवशेष आणि बुरशी तपासलेली असावी. घेताना रोज एकाच पद्धतीने घ्या, जेवणानंतर किंवा उपाशीपोटी. स्निग्ध जेवणाबरोबर सीबीडीचे रक्तातले प्रमाण चार-पाच पटींपर्यंत वाढते. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी शागुतीबरोबर घेतले तर डोस तोच असूनही परिणाम वेगळा येईल.

दुसरी औषधे चालू आहेत. काय सांभाळावे?

सीबीडी यकृतातल्या औषधे मोडणाऱ्या विकरांना अडवते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्याचे रक्त जास्त पातळ होऊ शकते, तेव्हा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) लवकर तपासा. फिट्‌सच्या औषधांपैकी क्लोबाझामबरोबर गुंगी वाढते. व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताचे विकर वाढतात. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असलेल्यांनी टीएचसी असलेले काहीही घेऊ नये. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हे सांगा. लाजेपोटी लपवले जाते, आणि भुलेचा डोस चुकतो.

बोटीवर किंवा आखातात नोकरी आहे. विजयाचे औषध घेतले तर?

घेण्याआधी दहादा विचार करा. पूर्ण अर्काच्या औषधात थोडी का होईना टीएचसी असते, आणि लघवीच्या चाचणीत औषध आणि गांजा यांत फरक दिसत नाही. एकदा घेतले तर साधारण तीन दिवस, रोज घेतले तर ३० दिवसांपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बोटीच्या कंपनीवर ती बंधनकारक नाही. आखाती देशांत तर बाटली सामानात सापडली तरी अटक होऊ शकते. सुट्टीवर आलेल्या तारवट्याला घरच्यांनी गुडघेदुखीसाठी हे तेल प्रेमाने चोळायला दिले तर लावण्याने सहसा चाचणीत येत नाही, पण बाटली परत नेऊ नये.

परदेशी पाहुण्याकडे वैद्यकीय गांजाचे कार्ड आहे. इथे चालते का?

नाही. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरल्यावर इथलाच कायदा. होमस्टे चालवणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच हे लिहून कळवावे.

कोणी भांगेची गोळी जास्त खाल्ली, किंवा मुलाने चुकून खाल्ली तर?

खाल्लेल्या भांगेचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी गोळी घेणे ही नेहमीची चूक. मोठ्या माणसाला छातीत धडधड, घाबरेपणा, तोंडाला कोरड एवढेच असेल तर शांत खोलीत कुशीवर झोपवा, पाणी घोटघोट द्या, एकटे सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. उलटी करवू नका, लिंबू-लोणच्यावर वेळ घालवू नका. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, झटके, भ्रम यांतले काही दिसले तर १०८ लावा.

मूल असेल तर थांबूच नका. लहान मुलाला एका मोदकानेही श्वास मंद होण्याइतकी गुंगी येते. सरळ गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात न्या, उरलेला पदार्थ बरोबर न्या आणि खरे सांगा. डॉक्टरांना कळले नाही तर ते मेंदूज्वर समजून कमरेतून पाणी काढण्यापर्यंत तपासण्या करतात आणि वेळ जातो.

रोज ओढणाऱ्याला वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरे वाटत असेल, तर तो बहुधा पित्ताचा त्रास नसून गांजाचाच असतो. उपाय एकच, सोडणे. त्यासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग आहे, आणि १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. उपचारासाठी आपणहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्याच्या कलम ६४अ खाली सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण आहे, पण उपचार पूर्ण केला तरच.